वांद्र्याचा इतिहास समाजवार नको, जागावार लिहा

वांद्र्याच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. नववीच्या मुलांकडून त्यांना आपल्या उपनगराचा इतिहास लिहून घ्यायचा आहे. वर्गात कोळ्यांची मुलं आहेत, ईस्ट इंडियन (इथले जुने स्थानिक ख्रिस्ती), गोवेकर, कोकणी मुसलमान, सिंधी, पूर्वेकडच्या सरकारी वसाहतीतली मराठी मुलं आहेत, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची मुलंही आहेत. त्यांनी आराखडा असा केला आहे: आधी 'वांद्र्याचे मूळ रहिवासी कोण' हे प्रकरण, मग एकेका समाजाला एकेक प्रकरण. हा आराखडा बरोबर आहे का आणि साधनं कुठे मिळतील, असं त्यांनी विचारलं आहे.

गेली पंचवीसेक वर्षं मी या भागात पायी फिरून नोंदी गोळा करतो आहे, माणसांना बोलतं करतो आहे. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगतो, बाई, आराखडा बदला. हेतू चांगला आहे, पण समाजवार प्रकरणं केली की प्रत्येक मूल फक्त आपलं पान उघडतं. प्रत्येक प्रकरण त्या त्या समाजाच्या गौरवाचं होतं, आणि ही माणसं एकमेकांना जिथे भेटली, जिथे त्यांचं पटलं किंवा बिनसलं, ती ठिकाणं कुठल्याच प्रकरणात बसत नाहीत. वांद्र्याचा खरा इतिहास त्याच ठिकाणी आहे.

'मूळचे कोण' यापासूनच बघा. किनाऱ्यावर कोळी होते आणि आतल्या भातखाचरांवर कुणबी, भंडारी वगैरे शेतकरी होते, इथवर वाद नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी (वांद्रे ज्या बेटावर आहे ते) पोर्तुगिजांना दिली, पाद्री आले आणि याच कोळी-कुणबी-भंडाऱ्यांतले पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो ते त्यांचे वंशज. मग वांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या चिंबईतला ख्रिस्ती कोळी तुम्ही कोणत्या प्रकरणात घालणार? तो मासे मारतो, घरात मराठी बोलतो, रविवारी चर्चला जातो. वर्गात असा मुलगा असेल तर या आराखड्याने त्याचे दोन तुकडे होतील.

ईस्ट इंडियन हे नावसुद्धा जुनं नाही. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि इथल्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव ठरवून घेतलं. तोवर त्यांनाही सर्रास 'पोर्तुगीज' म्हटलं जाई. गोव्याहून, मंगळूरहून कॅथलिक मंडळी नोकरीसाठी मुंबईत येऊ लागली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या मुलखातले आपण आणि बाहेरून आलेले ते, हा फरक नोकरीच्या बाजारात दाखवणं गरजेचं झालं होतं. ओळखही अशी कारणाकारणाने घडते, हे मुलांना एवढ्या एका उदाहरणावरून कळेल.

म्हणून माझा सल्ला असा की प्रकरणं जागांवर करा. एक जागा घ्यायची आणि तिच्याशी कोणाकोणाचा संबंध आला तो शोधायचा. पाच-सहा जागा पुरेत.

पहिली जागा माहीमची खाडी. मुलांना कॉजवेवर, म्हणजे माहीम आणि वांद्रे जोडणाऱ्या खाडीवरच्या रस्त्यावर, घेऊन जा, ओहोटीच्या वेळी. एका बाजूला माहीमचा किल्ला दिसतो, दुसऱ्या बाजूला लँड्स एंडच्या टोकावर वांद्र्याचा किल्ला, पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधलेला. आता त्यांना विचारा, एवढ्याशा पाण्यावर समोरासमोर दोन किल्ले कशाला? १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा आला, पण साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टीतला पोर्तुगीज अंमल संपला आणि पलीकडे मराठे आले. मराठ्यांच्या हाती आयता लागू नये म्हणून वांद्र्याच्या किल्ल्याचा काही भाग इंग्रजांनी त्या धामधुमीत पाडून टाकला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी जिंकून घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं ही खाडी दोन राज्यांची हद्द होती. आज रिक्षा वांद्र्यापर्यंतच चालते आणि माहीमला टॅक्सी करावी लागते, ती याच पाण्यावर. रिक्षाच्या हद्दीचं कारण वेगळं, आपल्या काळातलं आहे, पण मुलांना पाण्याची रेघ पटकन समजते ती तिथूनच.

मग कॉजवे. भरतीच्या वेळी होडीशिवाय पलीकडे जाता येत नसे आणि पावसाळ्यात ते जिवावरचं काम होतं. सरकारकडून रस्त्याला पैसा मिळेना. सर जमशेदजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि या रस्त्यावर कधीही जकात घेऊ नये अशी अट घातली. रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. माहीमकडच्या रस्त्याला लेडी जमशेदजींचं नाव आहे ते त्यामुळे. हा प्रसंग तुमच्या आराखड्यात 'पारशी' प्रकरणात गेला असता आणि दानशूरपणावर संपला असता. जागेच्या प्रकरणात तो आला की पुढचे प्रश्न आपोआप येतात. उतारू पलीकडे नेणाऱ्या होडीवर ज्यांचं पोट होतं त्यांचं काय झालं? वांद्र्याचा भाजीपाला, मासळी आता डोक्यावरून, गाडीतून थेट मुंबईत जाऊ लागली, त्याने कोणाचे दिवस पालटले? जकात नसणं ही पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईसाठी किती मोठी गोष्ट होती? यातल्या सगळ्याची कागदोपत्री उत्तरं मिळतील असं नाही, पण मुलांनी प्रश्न लिहून ठेवले तरी ते इतिहासाचंच काम आहे.

दुसरी जागा स्टेशन आणि त्याच्या आसपासचा पट्टा. बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली आणि वांद्रे तिच्या वाटेवर होतं. रेल्वेच्या जुन्या कागदांत ते 'बांदोरा' म्हणून सापडेल, पोर्तुगीज उच्चाराचं. पाठोपाठ, १८६७ च्या सुमारास, मुंबई शहरातला कत्तलखाना वांद्र्याला हलवण्यात आला. शहराला जे आपल्या दारात नको होतं ते खाडीपलीकडे गेलं. त्याबरोबर खाटीक आले, जनावरांचे व्यापारी आले, कातड्याचं काम खाडीच्या दुसऱ्या काठाने धारावीत वाढलं. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ तो इथे होता. हिल रोडच्या बंगल्यांवर आणि पाली हिलवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, या शंभर वर्षांवर चार ओळीसुद्धा सहज सापडत नाहीत. मुलांना इथे मुद्दाम थांबवा. स्टेशनजवळच्या बाजारात अजून अशी घरं आहेत ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा या धंद्याशी संबंध होता. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे आदराने विचारलं तर ते भरभरून बोलतात.

तिसऱ्या जागेवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. गावठाणं. रनवार, चिंबई, पाली, चुईम, शेर्ली, राजन. ही पूर्वी वेगवेगळी गावं, पाखाड्या होत्या आणि मध्ये भातशेती. गावठाण म्हणजे शेतसारा नसलेली, राहायची जागा, म्हणून घरं एकमेकांना खेटून, गल्ल्या बोळ वळणावळणाचे. गल्ली जिथे उगाच वळते तिथे पूर्वी कोणाची विहीर, कोणाचं खळं, कोणाची हद्द होती हे शोधायला लावा. घराबाहेरून वर जाणारा लाकडी जिना, पुढे ओटी, कौलारू छप्पर, अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती आधी मोजा, फोटो काढा, नकाशावर टिंब द्या. बाकीचं पुढच्या वर्षीही करता येईल, पण ही घरं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

आणि क्रूस बघा. कोपऱ्याकोपऱ्यावर पांढरे, निळे क्रूस उभे आहेत. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत तो सगळीकडे पसरला. शहरातून माणसं जीव घेऊन उपनगरांकडे आली, आजारही त्यांच्याबरोबर आला. गल्लीने क्रूस उभारला, नवस बोलला. आजही अनेक गल्ल्यांत क्रूसाच्या सणाला संध्याकाळी लादीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) म्हणतात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. त्या चण्यांसाठी गल्लीतली सगळीच पोरं रांगेत असतात, कोणत्याही धर्माची. तुमच्या वर्गातल्या मुलांनी ते खाल्लेले असणार, फक्त हे इतिहासात येतं असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

क्रूस वाचायचा कसा ते सांगतो. चुन्याचे आणि ऑइलपेंटचे इतके थर चढलेले असतात की अक्षरं भरून गेलेली असतात. खडूने घासायचं नाही, पाणी ओतायचं नाही. तिन्हीसांजेला जा, टॉर्च दगडाला अगदी चिकटवून बाजूने धरा, उजेड आडवा पडू द्या. समोरून धरला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात खोलगट अक्षरांत सावली बसते आणि साल, नावाचं पहिलं अक्षर, एखादी मराठी किंवा पोर्तुगीज ओळ वर येते. चारही बाजू आणि चौथऱ्याचा पायथा तपासा. मी सुरुवातीच्या काळात एका क्रूसाच्या दर्शनी बाजूवरचं साल उतरवून घेतलं आणि तेच छापलं. शेजारच्या आजींनी नंतर मला मागे नेऊन चौथऱ्यावरचं जुनं साल दाखवलं. पुढचं साल रस्ता रुंद करताना क्रूस सरकवला त्या वर्षीचं होतं. तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारल्याशिवाय मी दगडावरचं साल पक्कं धरत नाही.

गावठाणात मुलाखतीला जाताना एक सावधगिरी. तिथली माणसं अनोळखी माणसाला बिल्डरचा माणूस समजतात, आणि त्यांचा अनुभव बघता ते चूक नाही. पहिल्या भेटीत घराच्या मालकीचं, हिश्शाचं, कागदांचं काहीही विचारू नका. वही बाहेर काढू नका. मे महिन्यात जा, बॉटल मसाला चालू असतो. मिरच्या, हळकुंडं, धणे आणि बाकीचे मसाले उन्हात वाळवलेले असतात, भाजून, कुटून, चाळून तो काळपट तपकिरी बिअरच्या बाटल्यांत काठीने ठासून ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर वास टिकतो. हाताला काम असलं की माणूस मोकळा बोलतो. लग्नातलं उंबराचं पाणी, विहिरीवर वाजतगाजत जाणं, जुनं लुगडं, शेतातली गाणी, सगळं त्या ओघात येतं. त्यांची मराठी मात्र आहे तशीच लिहून घ्या, शाळेच्या मराठीत 'सुधारून' घेऊ नका. मुलांना हे बजावून सांगा. पाव, बटाटा, चावी, साबण, पगार हे शब्द आपण सगळेच रोज वापरतो आणि ते पोर्तुगिजांकडून आले, हे कळलं की 'अशुद्ध' म्हणायची सवय आपोआप सुटते.

चौथी जागा म्हणजे प्लॉट. तुमच्या घराच्या पत्त्यात 'टीपीएस' असं काही आहे का बघा, किंवा तेहतिसावा रस्ता असे नुसते आकडे. ती नगररचना योजनेची खूण. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भातखाचरं एकत्र करून, रस्ते आखून, पुन्हा चौकोनी तुकडे पाडले गेले. ज्याचा मूळ भूखंड होता त्याला रस्त्यासाठी काही जमीन सोडून अंतिम भूखंड मिळाला. गावठाणाचा वाकडा बोळ जिथे संपतो आणि सरळ रस्ता लागतो, तिथे पायाखाली शेत होतं असं समजा. याच काळात, १९१८ मध्ये, साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली आणि मध्यमवर्गीय कॅथलिक कुटुंबांना, त्यात गोवेकर आणि मंगळूरकरही आले, वांद्र्यात बंगले बांधता आले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. सिंध हैदराबादहून आलेल्या शिक्षकांनी १९४९ मध्ये इथे नॅशनल कॉलेज उभं केलं. घरदार सोडून आल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज काढणं, हे मुलांना नक्की सांगा.

प्लॉटची माहिती काढायची तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर मागच्या धारकांची नावं आणि फेरफार ओळीने दिसतात, आणि एकाच जमिनीवर कुणबी आडनाव, मग डिसोझा, मग अडवाणी, मग सोसायटीचं नाव अशी माळ कधीकधी हाती येते. मात्र लोकांच्या मालमत्तेची नावं मुलांच्या वहीत उतरवू नका. शाळेची इमारत, बाग, दवाखाना अशा सार्वजनिक जागेचं पत्रक घ्या. जुन्या काळासाठी १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वांद्र्यावर स्वतंत्र टिपण आहे, तिथून सुरुवात करा. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतंच, ठाणे जिल्ह्यात होतं. १८७६ पासून त्याची स्वतःची नगरपालिका होती आणि १९५० मध्ये ते मुंबई महापालिकेत आलं. म्हणून मुंबईच्या दप्तरात वांद्रे शोधून सापडलं नाही की पुष्कळ जण हात टेकतात. दप्तर ठाण्याचं शोधा.

पूर्वेला विसरू नका. वांद्र्याच्या इतिहासाच्या नावाखाली जे काही लिहिलं जातं ते बहुतेक रुळांच्या पश्चिमेचंच असतं, आणि मला हे मनापासून खटकतं. पूर्वेला खाजण, खाडीचं पाणी, मग सरकारी नोकरांच्या वसाहती, खेरवाडी, बेहरामपाडा, लेखकांनी एकत्र येऊन बांधलेलं साहित्य सहवास, कलावंतांचं कलानगर, आणि १९७७ नंतर खाडीत भराव घालून वाढलेलं वांद्रे-कुर्ला संकुल, एवढं सगळं काही दशकांत घडलं. मराठी साहित्यातली कितीतरी माणसं जिथे एका जिन्यावर राहत होती आणि दहा मिनिटांवर ज्यांच्याकडे जागेचा कागदच नव्हता अशी वस्ती होती, ते दोन्ही एकाच प्रकरणात यायला हवं. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं पूर्वेची असतील तर त्यांना पश्चिमेचे क्रूस मोजायला पाठवण्याआधी त्यांच्या इमारतीच्या पहिल्या रहिवाशाकडे पाठवा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची आठवण तिथे निघेल. ती मुलांकडून मुलाखतीत काढून घेऊ नका. घरातल्या मोठ्यांना स्वतःहून सांगावंसं वाटलं तर तुम्ही स्वतः बसून ऐका आणि काय लिहायचं ते त्यांच्या संमतीनेच ठरवा.

शेवटची जागा टेकडीवरची, मोत मावली, म्हणजे माउंट मेरीचं चर्च. आजची इमारत १९०४ ची, भक्ती त्याहून कितीतरी जुनी. सप्टेंबरच्या जत्रेत, आठ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर, चढावर मेणाच्या वस्तूंचे ठेले लागतात. मेणाचा हात, पाय, बाळ, घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते घेऊन वर वाहायचं. गेल्या काही वर्षांत विमानही दिसतं, परदेशी नोकरीसाठी. एका मुलाला तिथे तासभर उभं करा आणि फक्त एवढंच लिहायला सांगा: कोणत्या भाषा ऐकू आल्या, कोणत्या वस्तू जास्त खपल्या, विकणारे कुठून आले. माझ्या वहीत अशा वीस वर्षांच्या जत्रांच्या याद्या आहेत. मेणाच्या घरांचा खप दरवर्षी वाढत गेलेला त्यांत दिसतो. या उपनगरात घर परवडणं किती अवघड झालं, हे तिथून मुलांना सांगता येतं.

सेंट अँड्र्यूज चर्चमध्येही एक चक्कर मारा, ते १५७५ चं. आवारात एकाच दगडातून कोरलेला उंच क्रूस आहे, जेझुइटांच्या बंद पडलेल्या कॉलेजातून आणलेला. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या बघायच्या असतील तर आधी पत्र देऊन फादरची वेळ घ्या आणि शिक्षक म्हणून एकट्याच जा, वर्ग घेऊन नको. तिथून हिल रोडने उतरताना टाटा अग्यारी लागते, १८८४ ची. आत पारशी सोडून इतरांना जाता येत नाही, पण फाटकाबाहेर थांबून मुलांना एवढं विचारा की जवळपास पारशी वस्ती नसती तर कोणी इथे अग्यारी बांधली असती का.

सुरुवात या शनिवारी कॉजवेवरून करा. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून घ्या, आणि प्रत्येक मुलाला घरून एकच गोष्ट विचारून यायला सांगा: आपल्या घरातलं पहिलं माणूस वांद्र्यात कोणत्या वर्षी आलं, आणि कशासाठी.